बुरशीला तिचं शैवल सापडतं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोकणातल्या तुमच्या बागेत जुन्या हापूस कलमांच्या खोडांवर करडी-पांढरी दगडफुलं आहेत, त्यांचा फोटोही तुम्ही पाठवलाय. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवल यांचं मिळून एक शरीर, हे तुम्हाला माहीत आहे. पण बुरशी आपले बीजाणू हवेत सोडते तेव्हा त्यांत शैवल नसतं. मग तो एकटा बीजाणू जिथे पडेल तिथे त्याला नेमकं हवं ते शैवल मिळतं कसं? त्याला वासासारखं काही कळतं का? आणि हे सगळं घरच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघता येईल का?

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत, ते आधी सोडवून घेऊ. पहिला गाठ पडण्याचा: बीजाणू आणि शैवल एका जागी येतात कसे? दुसरा निवडीचा: एका जागी आल्यावर कुठलं शैवल ठेवायचं आणि कुठलं नाही, हे ठरतं कसं? बहुतेकांना दुसऱ्याची ओढ जास्त, कारण त्यात रसायनं आहेत, प्रथिनं आहेत, प्रयोगशाळा आहे. मी बरीच वर्षं दगडफुलांतली बुरशी वेगळी काढून वाढवतो आहे, आणि माझ्या मते खरी मेख पहिल्या प्रश्नात आहे. बीजाणूला हलता येत नाही. त्याच्याजवळची शिदोरी इतकी थोडी असते की त्यातून निघालेला तंतू फार लांब जातच नाही. तेवढ्या अंतरात शैवल असलं तर असलं, नाहीतर बीजाणू मरतो, आणि बहुतेक मरतातच. म्हणून बुरशी शैवल कसं शोधते यापेक्षा, बीजाणू पडला तिथे शैवल आधीपासून होतं ते कशामुळे, हे बघितलं की पुष्कळसा उलगडा होतो.

उत्तर कुठल्या दगडफुलाबद्दल बोलतोय यावर अवलंबून आहे. जगात दगडफुलांच्या सुमारे २० हजार जाती आहेत आणि सगळ्यांची रीत एक नाही.

गोड्या मसाल्यात घालायच्या दगडफुलाचा एखादा मोठा तुकडा घ्या. वरून करडा, खालून काळा, कडेला तपकिरी. पाण्यात दोन मिनिटं भिजवा आणि दहापट भिंगाखाली धरा. काही तुकड्यांच्या कडांवर पांढुरकं पीठ सांडल्यासारखं दिसेल, तर काहींच्या वरच्या पृष्ठभागावर केसाच्या टोकाएवढी बारीक बोटं उभी दिसतील. पिठाच्या प्रत्येक कणात दोन-चार शैवलपेशी आणि त्यांना गुंडाळलेले बुरशीचे तंतू असतात. बोटांतही दोघं असतात. वाऱ्याने, पावसाच्या थेंबाने, मुंगीच्या पायाने कण उडाला की दोघं एकत्रच नव्या जागी पोचतात. विरजणाचा चमचा दुधात टाकावा तसं हे काम आहे, सुरुवातीचं सगळं त्यातच आहे. परमोट्रेमा वंशातल्या, मसाल्याच्या बाजारात येणाऱ्या बऱ्याच जाती मुख्यतः याच वाटेने पसरतात. त्यांच्यापुरता तुमचा प्रश्न क्वचितच उद्भवतो.

तुमच्या फोटोतला पांढरा, खोडाला घट्ट चिकटलेला आणि वर काळ्या वेड्यावाकड्या रेघोट्या असलेला प्रकार मात्र वेगळा. तो ग्राफिस वंशातला किंवा त्याच्या जवळचा कोणी असावा. फोटोवरून जात सांगणं मी टाळतो, त्यासाठी बीजाणू कापून बघावे लागतात. पश्चिम घाटात आणि कोकणात या रेघोट्यांच्या घराण्याची रेलचेल आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पटवर्धन, माखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर आयुष्यभराचं काम करून ठेवलंय. या रेघोट्या म्हणजे बुरशीची फळं. त्यांतून नुसते बीजाणू बाहेर पडतात, सोबत शैवल नसतं. पीठही नाही, बोटंही नाहीत.

आता एक करा. त्या पांढऱ्या सालीवर नखाने हलकेच ओरखडा काढा. आत पिवळसर-नारिंगी रंग दिसला तर तिथलं शैवल ट्रेंटेपोहलिया आहे. पोपटी-हिरवा दिसला तर बहुधा ट्रेबुक्सिया किंवा त्याचं भावंड. ट्रेंटेपोहलिया नात्याने हिरवंच शैवल, पण त्याच्या पेशींत कॅरोटिनचे थेंब इतके साठतात की हिरवा रंग झाकला जातो. आणि हे शैवल तुम्ही रोज बघता. पावसाळ्यात नारळी-पोफळींच्या बुंध्यांवर, जांभ्या दगडाच्या गडग्यांवर, जुन्या भिंतींच्या सावलीतल्या बाजूला जे शेंदरी मखमलीसारखं काही पसरतं, ते पुष्कळदा हेच असतं. बुरशीविना ते मजेत जगतं. म्हणजे तुमच्या बागेत रेघोट्यांच्या बुरशीचा बीजाणू कुठेही पडला तरी हाताच्या अंतरावर ट्रेंटेपोहलिया असण्याची शक्यता चांगली आहे. उष्ण, दमट मुलखात या जोडीचं एवढं फावतं त्याचं हे एक कारण असावं असं मला वाटतं. इथे शोधाशोध फारशी नाहीच.

खरं कोडं ट्रेबुक्सियाचं. थंड आणि समशीतोष्ण प्रदेशातल्या बहुसंख्य दगडफुलांत तेच असतं. पण अमेरिकेतल्या क्लार्क विद्यापीठाचे व्हर्नन अहमदजियन यांचं म्हणणं असं होतं की हे शैवल दगडफुलाबाहेर स्वतंत्रपणे जगताना जवळजवळ सापडतच नाही. पुढे झाडांच्या सालींवर शोधल्यावर ते सापडलं, पण थोडं आणि विखुरलेलं. मग ज्या बुरशीकडे पीठ नाही, बोटं नाहीत, फक्त बीजाणू आहेत, ती ट्रेबुक्सिया आणते कुठून?

बहुतेक वेळा दुसऱ्या दगडफुलाकडून. याचं सगळ्यात सुरेख उदाहरण युरोपातलं आहे. झँथोरिया परायटिना नावाचं पिवळंधमक दगडफूल तिथल्या भिंतींवर, कौलांवर, झाडांवर सर्रास दिसतं. ते मुख्यतः बीजाणूंनी पसरतं. झिग्लिंडे ओट यांनी १९८७ साली त्याची सुरुवात निसर्गातच बारकाईने पाहिली. बीजाणू रुजतो, योग्य शैवल जवळ नसलं तर सालीवरच्या दुसऱ्याच कुठल्यातरी हिरव्या शैवलाशी सैलसर संगत करतो आणि तग धरून राहतो. त्यातून नीट दगडफूल काही होत नाही. पण शेजारच्या फिसिया नावाच्या दगडफुलाचं पीठ उडून जवळ येऊन पडलं की हा त्यात शिरतो आणि तिथलं ट्रेबुक्सिया ताब्यात घेतो. मग कुठे पिवळं शरीर धरायला लागतं.

डिप्लोस्किस्टस मस्कोरम नावाचं दगडफूल तर याहून बेरकी. थॉमस फ्रीडल यांनी त्याच वर्षी, १९८७ मध्ये दाखवलं की हे सुरुवातीला क्लॅडोनिया नावाच्या दगडफुलावर चढून बसतं आणि त्याचंच शैवल वापरतं. पुढे स्वतःचं शरीर वाढलं की ते शैवल जाऊन त्या जागी ट्रेबुक्सियाची वेगळीच जात येते. पहिलं शैवल नुसतं पाय रोवण्यापुरतं.

या प्रकाराला चोरी म्हणायचं की उसनवारी, यात मी पडत नाही. मुद्दा असा की शैवलाचा मोठा साठा मोकळ्या हवेत नसून इतर दगडफुलांच्या पोटात आहे. बुरशीच्या जाती हजारोंनी, पण त्यांना लागणाऱ्या शैवलांच्या जाती त्या मानाने फार कमी. त्यामुळे एकाच झाडावरची दहा वेगवेगळी दगडफुलं एकाच शैवलावर चाललेली असू शकतात. फिनलंडच्या यौको रिक्किनेन यांनी २००२ साली नील-हरित शैवल असलेल्या दगडफुलांत हेच दाखवलं. एका अधिवासातल्या, एकमेकांशी लांबचंही नातं नसलेल्या बुरश्या नॉस्टॉक या नील-हरित शैवलाचे सारखेच वाण वापरतात. त्यांतल्या काही पीठ आणि बोटं उधळून नॉस्टॉक सगळीकडे नेतात, आणि बीजाणूवाल्या त्यांच्या जिवावर वसतात. पहिल्या गेल्या तर दुसऱ्यांचंही अवघड होतं. जुनं झाड तोडून नवं लावलं की बरीच वर्षं त्यावर थोड्याच जाती का दिसतात, याचा एक धागा इथे आहे. नुसते बीजाणू येऊन भागत नाही, आधी कोणीतरी शैवल घेऊन यावं लागतं.

वाहतूक करणारे आणखीही आहेत. झुरिकच्या रोझमारी होनेगर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दगडफूल खाणाऱ्या माइट, म्हणजे सूक्ष्म कोळीकिड्यांची विष्ठा तपासली. तिच्यात झँथोरियाची बुरशी आणि तिचं शैवल, दोन्ही जिवंत निघाले. किडा खातो एकीकडे, टाकतो दुसरीकडे, आणि दोघं एकाच लेंडीत. काही बुरश्यांनी तर वाटेतच सोय करून ठेवली आहे. एंडोकार्पन पुसिलम या दगडफुलात बीजाणू तयार होतात त्याच थरात बारीक शैवलपेशी वाढतात आणि बीजाणूसोबत बाहेर फेकल्या जातात. अर्न्स्ट श्टाल यांनी १८७७ सालीच हे दोघं एकत्र वाढवून त्यांच्यापासून पुन्हा दगडफूल उभं केलं होतं. दगडफूल हा एक जीव नसून दोन आहेत असं सायमन श्वेंडेनर यांनी मांडून तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. त्यांच्या नावाने त्या काळचे दगडफूल-तज्ज्ञ बोटं मोडत होते.

इथवर गाठ पडण्याचं झालं: काहींचं शैवल सोबतच असतं, काहींचं आसपास मोकळं वाढत असतं, आणि उरलेल्यांना ते शेजाऱ्याकडून मिळतं. आता तुमच्या वासाच्या प्रश्नाकडे.

अगदी थोड्या अंतरावर, हो, काहीतरी कळतं. क्लॅडोनिया ग्रेयाय या दगडफुलाची बुरशी तिच्या योग्य शैवलासोबत, अस्टेरोक्लोरिससोबत, ताटलीत ठेवली की तंतूंची तऱ्हाच बदलते. एरवी लांबसडक जाणारे तंतू आखूड पेरांचे होतात, बाजूने दाट फांद्या फुटतात आणि शैवलपेशीला घेरून टाकतात. यात शैवलातून बाहेर झिरपणाऱ्या पदार्थांचा हात असावा. पण हा पल्ला अगदी जवळचा. खोडाच्या एका टोकाला बीजाणू आणि दुसऱ्या टोकाला शैवल, असं अंतर कुठल्याही वासाने भरून निघत नाही.

स्पर्श झाल्यावरची गोष्ट जास्त गमतीची. अहमदजियन यांनी लाल टोप्यांच्या क्लॅडोनिया क्रिस्टाटेलाची बुरशी वेगवेगळ्या शैवलांसोबत वाढवली. त्यांना आढळलं की ती नको त्या शैवलालाही कवेत घेते. इतकंच काय, शैवलपेशीच्या आकाराच्या काचेच्या मण्यांनाही तंतू वेढा घालतात. आधी मिठी, मग ओळखपाळख! फरक पुढे पडला. परक्या शैवलांत बुरशी घुसली आणि त्या पेशी मेल्या. जुळणारं शैवल मात्र तो मार सोसून टिकलं, वाढलं, आणि त्याच्याचभोवती पुढे दगडफुलाचे थर बसले. नंतर सुझान जोनसन आणि फ्रान्स्वा लुत्झोनी यांनी २००९ मध्ये या प्रकाराची फेरतपासणी केली. तेव्हा दिसलं की निर्जीव वस्तूला तंतू भिडतात खरे, पण ती आखूड पेरांची दाट फांदणी जुळणाऱ्या शैवलाजवळच होते. मला दोन्ही निष्कर्ष एकमेकांच्या विरोधात वाटत नाहीत. चाचपडणं सगळ्यांशी, कामाला लागणं एकाशीच.

ओळख पटवण्यात बुरशीच्या लेक्टिन या प्रथिनांचा वाटा आहे. ही प्रथिनं शैवलाच्या पेशीभित्तीवरच्या ठरावीक शर्करांना चिकटतात. तेल अवीवला पॉल बब्रिक आणि मार्गालिथ गालुन यांनी १९८०च्या सुमारास झँथोरियातून काढलेलं असं प्रथिन तपासलं. ते स्वतंत्रपणे वाढवलेल्या शैवलाला चिकटलं, पण दगडफुलातून नुकत्याच काढलेल्या शैवलाला नाही. म्हणजे आत राहून शैवलाची भित्तीच बदलते, आणि ही तपासणी मुख्यतः नव्याने येणाऱ्यासाठी आहे.

मग जेवणाची बाब. ट्रेबुक्सिया बुरशीला रिबिटॉल देतं, ट्रेंटेपोहलिया एरिथ्रिटॉल (ही दोन्ही साखरेच्या जवळची संयुगं), तर नॉस्टॉक थेट ग्लुकोज. ऑक्सफर्डच्या डेव्हिड स्मिथ यांच्या गटाने हे किरणोत्सारी कार्बनचा माग काढून उलगडलं. बुरशी ते घेऊन त्याचं मॅनिटॉल हे तसंच दुसरं संयुग करते, जे शैवलाला परत वापरता येत नाही. ज्या बुरशीची रिबिटॉल आत घेण्याची तयारी आहे तिला एरिथ्रिटॉल देणारं शैवल फारसं उपयोगाचं नसणार, असा माझा तर्क आहे. प्रथिनांच्या कुलूप-किल्लीबद्दल खूप लिहिलं जातं, या जेवणाच्या बाजूबद्दल कमी.

निवड किती काटेकोर, हे जातीजातीवर आहे. काही बुरश्या एकाच वाणाला धरून बसतात. काही बऱ्याच मोकळ्या. सेट्रारिया अॅक्युलिएटा ध्रुवीय प्रदेशापासून भूमध्य सागराच्या किनाऱ्यापर्यंत पसरली आहे, ती हवामानाप्रमाणे ट्रेबुक्सियाचे वेगवेगळे वाण घेऊनच. कॅलिफोर्नियातल्या रॅमॅलिना मेन्झिसाय या जाळीदार दगडफुलातल्या शैवलाचा वाण, ते दगडफूल कुठल्या जातीच्या झाडावर वाढलंय त्यावरून बदलतो. म्हणून तुमच्या आंब्यावरची आणि शेजारच्या फणसावरची एकाच जातीची दगडफुलं आत सारखंच शैवल बाळगून असतील, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. ते डीएनए बघूनच कळेल. आणि लोबारियाच्या घराण्यातल्या काही बुरश्या हिरव्या शैवलासोबत रुंद पानांसारखं शरीर करतात आणि नील-हरित शैवलासोबत काळपट झुडपासारखं. दोन रूपं इतकी वेगळी की पूर्वी त्यांना वेगळ्या वंशांची नावं मिळाली होती. कधीकधी दोन्ही एकाच शरीरावर जोडलेली सापडतात.

शैवल मिळालंच नाही तर बुरशी मरतेच का? नेहमी नाही. स्वीडनमध्ये मॅट्स वेडिन यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की स्टिक्टिस नावाच्या बुरशीच्या काही जाती अॅस्पेन झाडाच्या सालीवर दगडफूल म्हणून राहतात आणि सोललेल्या लाकडावर साधी कुजवणारी बुरशी म्हणून. पण अशा थोड्या.

जाता जाता, तुम्ही न विचारलेलं एक: ही दगडफुलं कलमांचा रस शोषत नाहीत. खोड त्यांना फक्त बसायला लागतं. झाड आधीच म्हातारं, विरळ पानांचं झालं की सालीवर ऊन जास्त येतं आणि ती फोफावतात, म्हणून आळ त्यांच्यावर येतो.

आता घरी काय करता येईल. बुरशी आणि शैवल वेगळे वाढवून पुन्हा दगडफूल करणं हे घरचं काम नाही. निर्जंतुक जागा लागते, महिनोन्‌महिने लागतात, आणि खायला भरपूर दिलं तर दोघं एकमेकांकडे बघतही नाहीत. बुरशी गुबगुबीत गोळा होऊन बसते. उपासमार आणि आलटून-पालटून भिजवणं-सुकवणं, याशिवाय थर बसत नाहीत.

बीजाणू रुजताना मात्र बघता येतो. रेघोट्या असलेला सालीचा छोटा तुकडा तासभर पाण्यात ठेवा, टिपकागदावर टेकवा आणि काचेच्या ताटलीच्या तळाला व्हॅसलिनने चिकटवा. वरच्या झाकणात नुसत्या अगर-अगरचा पातळ थर ओता, साखर अजिबात नको, आणि ते पालथं घाला. तुकडा सुकत जाताना बीजाणू वर उडतात आणि अगरला चिकटतात. खालची घाण खालीच राहते. चारशे पट मोठं करून बघितलं की बीजाणूतले आडवे पडदे आणि पुढे त्यातून फुटणारे तंतू दिसतील. काळी किंवा हिरवी कापूसबुरशी झपाट्याने वाढली तर ती घरातली समजा आणि ताटली टाकून द्या. दगडफुलाची बुरशी इतकी घाई कधीच करत नाही.

गाठ पडतानाच बघायची असेल तर प्रयोगशाळेपेक्षा तुमची बाग बरी. विल्यम सँडर्स आणि रॉबर्ट ल्यूकिंग यांनी पानांवरची दगडफुलं बघताना जंगलात प्लास्टिकच्या पारदर्शक चकत्या लावून ठेवल्या होत्या. त्यावर पडलेला बीजाणू, जवळचं शैवल आणि दोघांची भेट, सगळं न हलवता सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. २००२ साली ते प्रसिद्ध झालं. तुम्ही मृगाच्या आधी ओएचपीच्या (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या) पारदर्शक कागदाच्या बोटभर पट्ट्या कापा, सॅंडपेपरने जराशा खरवडा आणि रेघोट्यांच्या दगडफुलांच्या अगदी खालच्या बाजूला सुतळीने खोडाला बांधा. महिन्याला एकेक सोडून बघा. सुरुवातीला नुसती धूळ आणि ट्रेंटेपोहलियाचे नारिंगी तंतू दिसतील. पुढे त्या नारिंगी पेशींना रंगहीन, बारीक, आखूड फांद्यांचं जाळं वेढताना दिसलं, तर तेच तुम्हाला हवं होतं. पट्ट्या बांधाल त्या खोडांना त्या वर्षी बोर्डोपेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) मात्र लावू नका. तांबं शैवलही मारतं आणि बुरशीही, मग पट्टीवर बघायला काही उरणार नाही.